'इतर' या रकान्यातले मासे

स्मरणिकेचं काम सुरू झालं तेव्हा संपादक मंडळातल्या ताई घरी आल्या आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही सोसायटीचे पहिले खजिनदार. सोसायटीच्या हिशेबांचा इतिहास लिहून द्या." मी म्हटलं, "अहो, हिशेबांचा इतिहास दरवर्षी वार्षिक सभेत उगाळला जातोच, आणि त्यावर भांडणंही होतात. रौप्यमहोत्सवात तरी नको." मग ठरलं की आपल्या सोसायटीच्या मागून जी वाहते, तिच्याबद्दल लिहायचं. म्हणजे मुठा नदीबद्दल. त्यातही नदीतल्या माशांबद्दल. मांसाहार न करणाऱ्या सभासदांनी पान उलटू नये. हा लेख खाण्याबद्दल नाही, नावांबद्दल आहे.

आपल्या बिल्डरच्या पहिल्या जाहिरातीत "नदीकिनारी निसर्गरम्य वातावरणात" असे शब्द होते, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. आज आपण सगळे नदीकडच्या खिडक्या संध्याकाळी साडेपाचला लावून घेतो. डास आणि वास. पंचवीस वर्षांत नदीशी आपला संबंध एवढाच उरला. अपवाद २०२४ च्या जुलैचा. तेव्हा नदीच आपल्याकडे आली.

पार्किंगमधला पाहुणा

त्या जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आपल्याकडे तेवढं झालं नाही, पण पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी होतं. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर पंपाच्या खोलीजवळच्या डबक्यात एक वीतभर लांबीचा मासा सापडला. तोंडाला मिशा, अंगाला खवले नाहीत. वॉचमन तो उचलायला वाकला, तसा मी वरून ओरडलो, "हात लावू नका, काटा मारेल!"

बी विंगमधला सहावीतला एक मुलगा तिथेच उभा होता. त्यानं विचारलं, "आजोबा, तुम्हाला कसं माहीत?"

"अरे, शिंगटी आहे ती. पाठीवर आणि दोन्ही बाजूंना काटा असतो. लहानपणी दोनदा खाल्लाय मी."

"काय, मासा?"

"मासाही आणि काटाही."

बादलीतून तो मासा आम्ही नदीत सोडला. जगला की नाही, देव जाणे. पण दोन दिवसांनी तो मुलगा हातात एक छापील कागद घेऊन घरी आला. "आजोबा, तुमच्या शिंगटीचं शास्त्रीय नाव काय आहे माहितीय? मिस्टस शिंगटी!" मी म्हटलं, चेष्टा करतोस का? चश्मा लावून पाहिलं. खरंच होतं. इंग्रजी अक्षरांत एस, दोनदा ई, एन, जी, टी, पुन्हा दोनदा ई. आणि पुढे कंसात नाव आणि साल : सायक्स, १८३९.

"हे सायक्स कोण?" मुलानं विचारलं. मला सांगता येईना. पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला "माहीत नाही" म्हणायची लाज वाटते. म्हणून शोध सुरू केला.

साहेबाची यादी

विल्यम हेन्री सायक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. पेशवाई बुडाली त्या लढायांच्या वेळी तो इथेच होता. १८२४ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमलं. म्हणजे गावं किती, माणसं किती, पिकं कोणती, पाऊस किती, जमिनीचा सारा किती. आमच्या भाषेत सांगायचं तर हा माणूस इन्स्पेक्शनला आला होता. पण त्याची नजर मोठी होती. गावांची मोजदाद करता करता त्यानं पक्षी, प्राणी आणि मासे यांच्याही नोंदी केल्या. १८३१ च्या सुमारास तो विलायतेला परतला. पुढे लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या संस्थापकांत त्याचं नाव आहे, आणि नंतर तो कंपनीचा अध्यक्षही झाला.

लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे त्यानं दख्खनच्या माशांवर निबंध वाचला, तो १८३९ मध्ये छापून आला. त्यात चाळीसवर माशांची वर्णनं आहेत. भीमा, मुळा-मुठा, घोड अशा आपल्याच नद्यांतले मासे. आता गंमत इथे आहे. शास्त्रज्ञ नव्या प्राण्याला नाव देताना सहसा लॅटिन नाही तर ग्रीक शब्द शोधतात, किंवा एखाद्या साहेबाचं नाव चिकटवतात. सायक्सनंही काही ठिकाणी ते केलं. पण बऱ्याच माशांना त्यानं इथले मराठी लोक जे नाव घेत होते तेच शास्त्रीय नाव म्हणून लावून टाकलं. कारणही व्यवहारी दिलं. पुढे कोणी अभ्यासक इथे आला तर त्याला स्थानिक नावानं विचारून तो मासा मिळवता यावा.

ती यादी वाचताना माझ्या अंगावर काटा आला, शिंगटीचा नव्हे. खुदरी. कोलस. बोगट. मुल्या. नुक्ता. गोगरा. फुलंगी. शिंगटी. ही नावं विलायतेच्या छापखान्यात खिळ्यांनी जुळवली गेली. पुढे फ्रान्सिस डे या शास्त्रज्ञाचा 'फिशेस ऑफ इंडिया' हा मोठा ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात निघाला, त्यातही यातली पुष्कळ नावं गेली. वंशाची नावं बदलली, शास्त्रज्ञांनी मासे या कुळातून त्या कुळात हलवले, पण मागचं मराठी नाव नियमाप्रमाणे तसंच राहिलं. आज जगातल्या कुठल्याही विद्यापीठात दख्खनच्या महसीर माशाला 'टॉर खुदरी' म्हणतात. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत धरलेल्या माशावरून सायक्सनं त्याचं वर्णन केलं होतं. दगडाला चिकटून राहणारा बोटाएवढा मासा 'गॅरा मुल्या'. आणि ज्याच्या नाकाच्या जागी खाच असते आणि वर शिंगासारखा उंचवटा, तो 'शिस्मॅटोरिंकस नुक्ता'. हा नुक्ता म्हणजे आपला नकटाच असावा असं मला वाटतं. मराठीत नाक बसकं असलं की आणखी काय म्हणणार?

सायक्सला ही नावं कोणी सांगितली? निबंधावर नाव त्याचं आहे. पण मुठेच्या डोहात सायक्स साहेब जाळं टाकत नव्हता. ते काम भोई मंडळींचं. साहेबासमोर टोपली रिकामी करून "ही शिंगटी, हा मुल्या, हा गोगरा" असं सांगणारा कोणीतरी भोई असणार. त्याचं नाव कुठेच नाही. त्याचे शब्द मात्र अजून शास्त्रात चालू आहेत.

भोईमामा

आमचं घर तेव्हा नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. मी १९५० चा जन्म. ओंकारेश्वरापासून लकडी पुलापर्यंतचा काठ हे आमचं मैदान. खडकवासल्याचं धरण इंग्रजांच्या काळातच, १८७९ च्या सुमारास पुरं झालेलं, त्यामुळे उन्हाळ्यात नदीला धार बारीक असायची. पण डोह होते, आणि डोहात मासे होते.

काठावर एक वयस्कर गृहस्थ जाळं घेऊन यायचे. आम्ही पोरं त्यांना भोईमामा म्हणायचो. खरं नाव कधी विचारलंच नाही. नायलॉनची जाळी अजून सगळीकडे आली नव्हती. त्यांचं फेकजाळं सुताचं होतं, कडेला शिशाच्या गोळ्या. ते अधूनमधून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवायचे, म्हणजे कुजत नाही म्हणायचे. जाळं खांद्यावर घेऊन, एक कड दातांत धरून, कमरेतून असा झोका द्यायचे की ते हवेत गोल उघडायचं आणि पाण्यावर परातीसारखं पडायचं. मी घरी आईच्या जुन्या लुगड्यावर हा प्रयोग केला होता. त्याचा परिणाम इथे सांगण्यासारखा नाही.

मामांकडून शिकलेलं अजून आठवतं. वांब दगडांच्या कपारीत राहते, ती जाळ्यात कमी आणि गळाला जास्त, तीही रात्री. गळाला गांडूळ लावायचं. मरळ मासा पाण्याबाहेरची हवा घेतो, म्हणून टोपलीतही तास न् तास जिवंत राहतो. मरळीची पिल्लं लालसर रंगाची, घोळक्यानं फिरतात आणि मोठा मासा खाली राखण करतो. तेव्हा मामा जाळं टाकत नसत. मी विचारलं तर म्हणाले, "आत्ता हिला मारली तर पुढल्या साली काय तुझा बाप देणार का मला?" मृगाचा पाऊस लागला आणि नदीला गढूळ पाणी आलं की 'चढणीचे' मासे. म्हणजे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट, वर ओढ्यानाल्यांत चढणारे मासे. तेव्हा पोरंसोरंही धोतराच्या नाहीतर पंचाच्या झोळीनं मासे धरायची. पण मामांना ते आवडायचं नाही. म्हणायचे, "पोटुशीला काय धरता रे?"

मामांनी जाळ्यातला मासा हातात धरून नाव सांगायचं आणि आम्ही ते म्हणायचं, असा खेळ होता. दहा-बारा नावं मला पाठ होती. शाळेत सात नद्यांचा श्लोक पाठ करून घेतला, पण नदीतल्या माशांची नावं मात्र मामांनीच शिकवली.

१२ जुलै १९६१

त्या दिवशी सकाळी शाळेत असतानाच "पानशेत फुटलं" अशी आरोळी आली. आधी कोणाला खरं वाटलं नाही. मग रस्त्यानं माणसं पर्वतीकडे पळताना दिसली. मास्तरांनी आम्हाला रांगेनं चढाकडे नेलं. पानशेतच्या पाण्यानं खाली खडकवासल्याचं धरणही फोडलं आणि मुठा काठच्या पेठांतून घुसली. लकडी पूल पाण्याखाली गेला. संध्याकाळी वडिलांनी मला शोधून काढलं तेव्हा आमचं घर नव्हतं. जे होतं ते चिखल आणि वासे.

काही महिने आम्ही निसन हटमध्ये काढले. नंतर पूरग्रस्तांनी एकत्र येऊन सहकारी गृहरचना सोसायट्या काढल्या, सरकारनं जागा दिल्या. वडील अशाच एका सोसायटीचे सभासद झाले. 'सहकारी सोसायटी' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो तेव्हा, अकराव्या-बाराव्या वर्षी. आज आपण सोसायटीचा रौप्यमहोत्सव साजरा करतोय. पण पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांच्या मुळाशी तो पूर आहे, हे नव्या पिढीला माहीत असावं म्हणून लिहितो.

भोईमामा पुन्हा दिसले नाहीत. काठावर त्यांची झोपडी होती, ती जागा सपाट झालेली. ते वाचले की गेले, कोणाला विचारावं हेही त्या वयात सुचलं नाही. पुढे नवं घर लांब झालं, आणि नदी हा रोजचा विषय राहिला नाही.

पाणी गेलं कुठे?

नदीत मासे का नाहीत, याचं उत्तर "प्रदूषण" या एका शब्दात देऊन आपण मोकळे होतो. पण हिशेब थोडा तपशिलात पाहिला पाहिजे.

पहिली नोंद धरणांची. पानशेत पुन्हा बांधलं. मग मोसे नदीवर वरसगाव आलं, मुठेवर टेमघर. खडकवासला होतंच. या चारही धरणांचं पाणी पाइपानं आपल्या टाकीत आणि कालव्यानं दौंड-इंदापूरकडच्या शेतात जातं. ते वाईट म्हणत नाही, आपण तेच पितो. पण नदीच्या पात्रात त्यातलं पाणी पावसाळा सोडून जवळजवळ येतच नाही. चढणीचा मासा वर जायला निघतो तो खडकवासल्याच्या भिंतीपाशी थांबतो. माशांसाठी तिथे वाट ठेवलेली नाही.

दुसरी नोंद सांडपाण्याची. आपण टाकीतून घेतलेलं पाणी शेवटी नदीतच जातं, पण वापरून. शहराचं सगळं सांडपाणी शुद्ध होऊन नदीत जात नाही. जपानच्या मदतीनं शुद्धीकरणाचा मोठा प्रकल्प चालू आहे, तो पुरा होईल तेव्हा फरक पडेल अशी आशा. मैल्यावर वाढणारे जीवाणू पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात, माशांना तो उरत नाही. पहिल्या पावसात तळाचा गाळ ढवळला जातो तेव्हा तर फार. देहू-आळंदीच्या इंद्रायणीत मासे मरून तरंगल्याच्या बातम्या म्हणूनच येतात. देहूच्या घाटावरच्या माशांना भाविक देवाचे मानतात, कोणी धरत नाही. जाळ्यापासून वाचले, सांडपाण्यापासून नाही.

इथे एक कबुली द्यायची आहे, कारण स्मरणिकेत फक्त गोड लिहायचं असा नियम नाही. आपल्या सोसायटीचं सांडपाणी पहिली काही वर्षं सरळ मागच्या नाल्यात जात होतं. महापालिकेची मुख्य वाहिनी तेव्हा आपल्या गल्लीत आली नव्हती. सेप्टिक टँक भरला की उपसायचा खर्च व्हायचा. एका सभेत तो खर्च वाचवायचा ठराव आला. खजिनदार म्हणून मी त्याच्या बाजूनं बोललो. "नाही तरी सगळ्यांचं जातंच आहे" हे वाक्य माझं आहे, इतिवृत्तात आहे. वाहिनी जोडली गेली तोवर हे चाललं. नाला पुढे कुठे जातो, हे सभेतल्या सगळ्यांना माहीत होतं. मला तर सर्वांत जास्त.

रकाना क्रमांक सात

आता बँकेची गोष्ट. ऐंशीच्या दशकात माझी बदली उजनीच्या फुगवट्याकाठच्या एका शाखेत झाली. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पुरं झालेलं. आपली मुळा-मुठाही पुढे भीमेला मिळून तिथेच जाते. गावं पाण्याखाली गेली होती आणि जिथे ज्वारी पिकायची तिथे मासेमारी सुरू झाली होती. दुर्बल घटकांसाठीच्या कर्ज योजनेत भोई समाजातल्या लोकांना नायलॉनच्या जाळ्यांसाठी आणि होड्यांसाठी कर्ज द्यायचं होतं. कर्जाचा अर्ज छापील. रकाना क्रमांक सात : 'उत्पादनाचा प्रकार'. त्यात पर्याय छापलेले : कटला, रोहू, मृगल, इतर. पहिले तिन्ही मासे मूळचे गंगेकडचे, मत्स्यबीज सोडून इथे वाढवलेले.

एक म्हातारबाबा आपल्या मुलाच्या अर्जासाठी आले होते. मी विचारलं, "कुठले मासे धरता?" ते सांगू लागले, "वांब, मरळ, शिंगटी, नकटा, मळ्या, गोगरा..." बोटं मोजत सांगत होते. मला एकदम ओंकारेश्वराचा काठ आठवला. मी लिहायचं थांबून ऐकत बसलो. मागे रांग होती. शिपाई म्हणाला, "साहेब, टाइम होतोय." मी 'इतर'वर खूण केली आणि पुढचा अर्ज घेतला.

कर्ज मंजूर झालं, फिटलंही. बँकेच्या दृष्टीनं प्रकरण उत्तम. पण बी विंगच्या त्या मुलानं आणलेल्या कागदावर सायक्सची यादी पाहिली आणि मला तो रकाना आठवला. परक्या देशातून आलेल्या, साऱ्याची आकडेवारी गोळा करणाऱ्या अधिकाऱ्यानं ती नावं ऐकली आणि लिहून घेतली. मी इथला, मला ती नावं पाठ होती, माझ्या हातात पेन होतं, आणि मी 'इतर' लिहिलं. असे किती अर्ज मी भरले असतील? शेकड्यानं. त्या सगळ्यांत मिळून शिंगटीचं नाव एकदाही नाही.

फॉर्ममध्ये जागा नव्हती, हे खरं. पण समासात जागा होती.

आज काय उरलंय

सायक्सनंतर शंभर वर्षांनी, १९४२ मध्ये फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी केली. १९४४ मध्ये सूटर यांनी त्यात भर घातली. २००३ मध्ये मुळा-मुठेच्या माशांवर नव्यानं अभ्यास छापून आला. पुण्याइतकी जुनी आणि सलग नोंद फार थोड्या शहरांच्या नदीला लाभली असेल. या याद्या एकापुढे एक ठेवल्या की बँकेतलं खातं उतरत जावं तसं दिसतं. पूर्वी शहरातच मिळणारे कितीतरी मासे आता धरणांच्या वर, मावळातल्या स्वच्छ ओढ्यांत शोधावे लागतात.

शहरातल्या पाण्यात आता तगतात ते वेगळेच. तिलापिया, ज्याला उजनीकडे 'चिलापी' म्हणतात, तो मूळचा आफ्रिकेतला. १९५२ मध्ये भारतात आणला. आफ्रिकन मांगूर, ज्याच्या पालनावर सरकारची बंदी आहे, तोही हवेतून श्वास घेऊ शकतो म्हणून घाणीत जगतो. मरळही त्याच गुणावर कुठे कुठे टिकून आहे.

खुदरीची गोष्ट जरा निराळी. लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीनं १९७० च्या दशकापासून या महसीरची कृत्रिम पैदास सुरू केली आणि लाखांनी पिल्लं तयार केली. चांगलंच काम. पण ती पिल्लं दूरच्या नद्यांतही सोडली गेली. कावेरीत आपला खुदरी इतका फोफावला की तिथला मूळचा मोठा, पाठीला कुबड असलेला महसीर मागे पडला. त्या माशाचं नेमकं शास्त्रीय नाव तर २०१८ मध्ये कुठे पक्कं झालं. तोवर तो नामशेष व्हायच्या काठावर होता. एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत सोडणं म्हणजे दान नव्हे, हे यातून शिकायचं. कोणी पुण्यकर्म म्हणून बाजारातले मासे आणून मुठेत सोडत असेल तर कृपया करू नये.

आणि हो, रविवारी गाडी काढून भिगवणला मासे खायला जाणारे आपले सभासद मला माहीत आहेत, मीही त्यात आहे. ताटात येते ती बहुधा चिलापी, रोहू नाहीतर कटला. ज्या पाण्यातून ती येते त्यात आपल्या मुठेचा वाटा आहे. म्हणजे आपण इथून काय सोडतो याचा विचार परोपकार म्हणून नाही, स्वार्थ म्हणूनही करायला हरकत नाही.

एक सूचना

म्हातारा माणूस लेखाच्या शेवटी सूचना करणार, हे तुम्ही ओळखलंच असेल. माझी सूचना लहान आहे. आपल्या मागच्या फाटकाजवळ, नदीकडच्या भिंतीवर मुठेतल्या दहा माशांची चित्रं आणि नावं रंगवावीत. बी विंगच्या त्या मुलानं शिंगटी, वांब आणि मरळ यांची चित्रं काढून ठेवली आहेत, चांगली जमली आहेत. नकट्याचं नाक अजून जमत नाही म्हणतो. रंगाचा खर्च मी देतो, देखभाल निधीला हात लावायचा नाही. म्हणजे सभेत प्रश्न नको.

दुसरं, गणपतीचं निर्माल्य आणि घरातल्या पूजेचा प्लॅस्टिकचा कचरा पुलावरून टाकायचा नाही, एवढं प्रत्येक घरानं पाळावं. आणि भिंतीमागच्या नाल्यात पुन्हा कुठली पाइप सोडायचा ठराव सभेत आला, तर तेव्हाच्या खजिनदारानं माझं वाक्य म्हणू नये.

यानं मुठा स्वच्छ होईल असं मी म्हणत नाही. तेवढा हिशेब मला येतो. पण पुढच्या वेळी पूर आला, पार्किंगमध्ये मासा सापडला, तर पोरांनी "हा कुठला?" असं विचारायला नको. त्यांनी नावानं हाक मारावी.

भोईमामांचं नाव मला माहीत नाही. उजनीच्या म्हातारबाबांचं नाव त्या अर्जावर होतं, आता आठवत नाही. त्यांनी सांगितलेली नावं मात्र आठवतात. ती इथे लिहून ठेवतो, समासात नाही, पानाच्या मधोमध : वांब, मरळ, शिंगटी, नकटा, मळ्या, गोगरा.

सोसायटीच्या रौप्यमहोत्सवाला सर्व सभासदांना, त्यांच्या लेकीसुनांना, मुलानातवंडांना मनापासून शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत नदीवर कोणी लिहिलं, तर ही यादी वाढलेली असावी.